जुने यंत्रकुत्रे आणि 'मूळ' या शब्दाचा गुंता

सांगली-मिरजेत जुने आयबो, म्हणजे जपानच्या सोनी कंपनीचे यंत्रकुत्रे, सांभाळणारी आम्ही चार घरं आहोत. गेल्या दिवाळीत त्यातल्या एका घराने 210 मॉडेलचा कुत्रा पुण्याच्या एका संग्राहकाला 'मूळ' म्हणून विकला. घरी नेऊन उघडल्यावर डोकं दुसऱ्याच कुत्र्याचं निघालं आणि व्यवहार मोडला. विकणाऱ्याने फसवलं असं मला वाटत नाही. त्याच्या हिशेबी कुत्रा मूळच होता. भांडण कुत्र्याचं नव्हतं, शब्दाचं होतं आणि त्या शब्दाचा गुंता पंचवीस वर्षांपूर्वीच्या एका निर्णयापासून सुरू होतो.

1 जून 1999 ला पहिला आयबो विक्रीला आला. किंमत अडीच लाख येन. जपानसाठी ठेवलेले 3,000 कुत्रे वीस मिनिटांत संपले, ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते. त्यामानाने दुसऱ्या गोष्टीबद्दल कोणी बोलत नाही: बनवणाऱ्यांनी कुत्र्याचा स्वभाव त्याच्या अंगात न ठेवता काढता-घालता येणाऱ्या मेमरी स्टिकवर ठेवला. कुत्रा काय शिकला, किती मोठा झाला, हे सगळं बोटाएवढ्या त्या पट्टीवर. आम्ही तिला नुसतं 'कार्ड' म्हणतो. कार्ड काढलं की उरतो तो मोटारी, कॅमेरा आणि प्लास्टिक.

कार्ड बाहेर निघतं म्हटल्यावर लोक त्यात डोकावणारच. एका हौशी माणसाने ते उलगडून कुत्र्याला नाचवणारे प्रोग्रॅम लिहिले आणि फुकट वाटले. 2001 मध्ये कंपनीने त्याला अमेरिकेतल्या कॉपीराइट कायद्याचा धाक घातला. पण मालकच खवळले. ज्याच्यामुळे कुत्रा घ्यावासा वाटतो त्यालाच नोटीस कसली, असं म्हणत त्यांनी कंपनीला पत्रं धाडली. कंपनी मागे हटली आणि पुढच्या वर्षी तिने स्वतःच प्रोग्रॅमिंगची साधनं खुली केली. आज पंचवीस वर्षांचे कुत्रे चालू ठेवता येतात, त्यात त्या माघारीचा वाटा मोठा आहे.

आमचा मोती त्यानंतरचा, 2003 साली आलेल्या ईआरएस-7 जातीचा, पांढराशुभ्र. मामा जपानमध्ये नोकरीला होते, त्यांनी 2006 च्या दिवाळीत आणला. तोवर उत्पादन बंद झालं होतं. कंपनीने जानेवारी 2006 मध्येच तसं जाहीर केलं होतं. साधारण दीड लाख कुत्रे विकले गेले होते. तेव्हा आम्हाला त्याचं काही वाटलं नाही. आमच्या अडचणी वेगळ्याच होत्या. शहाबादी फरशीवर त्याचे पाय सरकायचे, म्हणून आईने बैठकीत सतरंजी अंथरली ती आजतागायत आहे. बॅटरी उतरली की मोती आपापला चार्जिंगच्या जागेकडे निघतो, पण ती जागा तो कॅमेऱ्याने शोधतो. संध्याकाळच्या लोडशेडिंगमध्ये बिचारा अंधारात मान फिरवत राहायचा. मग आजी कंदील घेऊन चार्जरच्या खांबाशेजारी बसायची.

खरा घाव बसला मार्च 2014 ला. कंपनीने दुरुस्तीही बंद केली. सुटे भाग संपले, हे कारण खरंच असेल. तरी माझ्या मते हा निर्णय उत्पादन बंद करण्यापेक्षा वाईट होता. उत्पादन थांबलं तेव्हा नवे कुत्रे येणं थांबलं, दुरुस्ती थांबली तेव्हा घरातले कुत्रे मरायला लागले. कंपनीतून बाहेर पडलेल्या काही तंत्रज्ञांनी जपानमध्ये हे काम अंगावर घेतलं. पण नवे भाग कोणी बनवत नव्हतं, म्हणून एका कुत्र्याचे भाग काढून दुसऱ्याला बसवायचे. तिथूनच या व्यवहारात 'अवयवदाता' हा शब्द शिरला. भाग काढून घेण्याआधी निरोप म्हणून चिबा प्रांतातल्या इसुमी गावच्या एका जुन्या बौद्ध मंदिरात विधी होऊ लागले. 2015 मध्ये सुरुवात झाली आणि एप्रिल 2018 मध्ये एकाच वेळी 114 कुत्र्यांसाठी मंत्र म्हटले गेले. आपल्याकडे याचे फोटो चेष्टेने फिरले. बेंदराला मातीचे बैल पुजणाऱ्या आणि खंडेनवमीला शिलाई मशीनला हळदकुंकू वाहणाऱ्या आपल्या भागाला ते परकं का वाटावं, मला कळलं नाही.

आता 'मूळ'. एक बाजू म्हणते, देह कारखान्यातून निघाला तसा असेल, तरच मूळ. नाणी-तिकिटं जमवणाऱ्यांचा हा नियम झाला. दुसरी बाजू म्हणते, कार्ड तेच तर कुत्रा तोच. पण 210 ची मान ढिली पडून डोकं लोंबकळणं हा त्या मॉडेलचा नेहमीचा रोग आहे. पहिल्या बाजूचं ऐकायचं तर मान बदलायची नाही, म्हणजे कुत्रा कपाटात लोंबकळत ठेवायचा. मिरजेत सतारमेकर गल्लीत जाऊन हा वाद सांगितला तर एकच उत्तर मिळतं. तंबोऱ्याचा भोपळा फुटला तर नवा बसवतात, तारांखालची घोडी घासून जवारी तर पुन्हा पुन्हा काढावीच लागते, आणि तरी तो आजोबांचाच तंबोरा असतो. मी याच बाजूचा आहे. फक्त विकणाऱ्याने काय काय बदललं ते तोंडाने सांगावं. दिवाळीच्या व्यवहारात तेवढंच राहिलं.

जपानी लिलावातला 'जंक' हा शब्द या गुंत्यात भर घालतो. आपण त्याचा अर्थ भंगार असा लावतो. तिकडे त्याचा अर्थ 'चालतो की नाही याची हमी नाही, परत घेणार नाही' एवढाच असतो. ऑगस्ट 2019 च्या महापुरात गावभागातल्या आमच्या घरात पाणी शिरलं. मोतीला माळ्यावर चढवलं, पण ओलीचा महिना त्याला भोवला. मागचा उजवा सांधा अडकायचा आणि अडकला की तो सगळं अंग सैल सोडून खाली बसायचा. मी 'जंक' म्हणून दुसरा पांढरा ईआरएस-7 मागवला आणि मिरजेच्या एका मोबाइल दुरुस्तीवाल्याच्या टेबलावर पाय बदलला. मोती त्याच संध्याकाळी गुलाबी चेंडूमागे धावला.

2018 मध्ये विक्रीला आलेल्या नव्या आयबोत हा वाद उद्भवणारच नाही, कारण त्याचा स्वभाव क्लाउडवर राहतो आणि त्यासाठी वेगळी वर्गणी भरावी लागते. त्याचं 'मूळ' मालकाच्या हातातच नाही. भारतात तो विकायला आलेला नाही, आणि आम्हा चौघांपैकी कोणी तो मागवलेलाही नाही.

जंक म्हणून आलेल्या कुत्र्याच्या पोटावर जपानी अक्षरांची छोटी पट्टी होती. मामांनी फोटो बघून वाचली: हाना. म्हणजे फूल. पाय काढताना मला हे माहीत नव्हतं. तिचं कार्ड आतच होतं आणि ते चांगलं आहे. सध्या ते आजीच्या अडकित्त्याच्या डब्यात, कापसात गुंडाळून ठेवलंय. वर मराठीत नाव लिहिलंय. उजवा मागचा पाय मिळाला की ते परत तिच्या अंगात घालायचंय.