वंध्य फळमाशी नरांच्या मीलनक्षमतेचा प्रश्न : पार्श्वभूमी

कारखान्यात वाढवलेले फळमाशीचे नर किरणांनी वंध्य करून बागांत सोडायचे, म्हणजे त्यांच्याशी मीलन केलेल्या रानटी माद्यांची संतती वाढत नाही, ही कीड आवरण्याची एक पद्धत आहे. तिच्यावर मराठीत लिहायला बसले की पहिली अडचण शब्दाचीच येते. इंग्रजीतल्या ‘स्टराइल मेल’चे ‘निर्जंतुक नर’ हे भाषांतर सरळसरळ चूक आहे. ‘नपुंसक नर’ त्याहून जास्त दिशाभूल करते, कारण सोडलेला नर खरोखरच नपुंसक निघाला तर सगळा खटाटोप पाण्यात. त्याने मादी शोधायची आहे, तिला रिझवायचे आहे, मीलन करायचे आहे आणि आपले शुक्रजंतू तिच्यापर्यंत पोचवायचे आहेत. ते शुक्रजंतू मेलेलेही नसतात. ते अंडे फलित करतात. मात्र त्यांतील गुणसूत्रे गॅमा किरणांनी तुटलेली असल्यामुळे गर्भ वाढत नाही आणि अळी बाहेर पडत नाही. म्हणून ‘वंध्य’ हा त्यातल्या त्यात बरा शब्द. पण किती वंध्य, हे तो सांगत नाही, आणि या क्षेत्रातला सर्वांत लांबलेला वाद नेमका तिथेच आहे.

जुना इतिहास थोडक्यात. क्ष-किरणांनी जनुकीय बदल घडवता येतात हे 1927 मध्ये दिसले, तेही प्रयोगशाळेतल्या ड्रोसोफिलावर. तिलाही फळमाशीच म्हणतात, पण फळबागांची डोकेदुखी असलेल्या माश्यांचे कुळ वेगळे. वंध्य नर सोडून कीड संपवता येते हे 1954 मध्ये कॅरिबियन समुद्रातल्या कुरसाओ बेटावर जनावरांच्या जखमांत वाढणाऱ्या स्क्रूवर्म माशीवर सिद्ध झाले. फळमाश्यांमध्ये पहिले ठळक यश 1963 चे, प्रशांत महासागरातल्या रोटा बेटावरचे. तिथे वेलवर्गीय फळांवरील फळमाशी नाहीशी झाली. पुढे मेक्सिकोने 1982 मध्ये भूमध्य फळमाशीपासून मुक्ती मिळवली. जपानने दक्षिणेकडच्या बेटांवर सुमारे 53 अब्ज वंध्य माश्या सोडून 1993 मध्ये वेलवर्गीय फळमाशी संपवली.

53 अब्ज या आकड्यातच त्या काळाची विचारपद्धत दिसते. नर कमजोर असेल तर जास्त सोडा. स्क्रूवर्ममध्ये हे बऱ्यापैकी चालले, पण फळमाशी वेगळी आहे. भूमध्य फळमाशीचे नर झाडाच्या पानांवर टोळक्याने जागा धरून बसतात, शेपटीकडून कामगंध, म्हणजे मादीला बोलावणारा गंध, सोडतात. मादी आली की पंखांची थरथर, गुणगुण, डोके डोलावणे असा ठराविक क्रम चालतो. मादी एकेकाला पारखते आणि बहुतेकांना नाकारून उडून जाते. निवड तिची असते. अशा माशीसाठी दहा लाख अनाकर्षक नर सोडणे म्हणजे मादीला नाकारण्याच्या दहा लाख संधी देणे.

कारखान्यातल्या पिंजऱ्यात तर हे सगळे उलटेच घडत होते. गर्दी इतकी की मादीला दूर जायला जागा नाही. प्रणयाचा क्रम पुरा करणारा नर मागे पडतो आणि धसमुसळा, घाई करणारा नर बाप होतो. पिढ्यानपिढ्या हीच निवड होत राहिली. मोठ्या पिंजऱ्यात यजमान झाड, म्हणजे ज्याच्या फळांवर ही माशी पडते ते झाड, ठेवून, रानटी नर आणि कारखान्यातले नर एकत्र सोडून, रानटी मादी कोणाशी मीलन करते हे मोजण्याची चाचणी रूढ झाली, तेव्हा ही घसरण डोळ्यांना दिसू लागली. तोवर गुणवत्ता म्हणजे कोषाचे वजन, माशी बाहेर पडण्याचे प्रमाण आणि उडण्याची क्षमता एवढेच पाहिले जाई.

आता किरणांच्या मात्रेचा वाद. माशी बाहेर पडण्याच्या एकदोन दिवस आधी कोषांना किरण दिले जातात. भूमध्य फळमाशीसाठी ही मात्रा साधारण 100 ते 150 ग्रे (ग्रे हे शोषलेल्या किरणांचे एकक) या पट्ट्यात राहिली आहे. मात्रा वाढवली की वंध्यत्व शंभर टक्क्यांच्या जवळ सरकते, पण शेवटच्या एकदोन टक्क्यांसाठी मोजावी लागणारी किंमत फार मोठी असते. किरण फक्त शुक्रजंतूंवर पडत नाहीत, आतडे आणि स्नायूही होरपळतात. समजा, एक नर जवळजवळ पूर्ण वंध्य आहे, पण मीलनात दहापैकी एकदाच यशस्वी होतो. दुसऱ्याच्या शंभर अंड्यांतून एखादी अळी निघते, पण तो दहापैकी तीनदा यशस्वी होतो. कीड दुसराच जास्त घटवतो. अंडी फुटण्याच्या प्रमाणावरून स्पर्धाक्षमता काढण्याचे सूत्र 1971 पासून हाताशी आहे, त्यामुळे हा हिशेब कोणालाही मांडता येतो.

तरीही मात्रा चढीच ठेवली गेली. कीडमुक्त प्रदेशात प्रतिबंध म्हणून माश्या सोडायच्या असतील तर एकही प्रजननक्षम माशी सुटणे यंत्रणांना परवडत नाही, आणि ही भीती खोटी नव्हे. सापळ्यात सापडलेली माशी सोडलेली की रानटी, एवढ्या एका शंकेवर अख्ख्या प्रदेशाची फळनिर्यात अडू शकते. पण जिथे कीड आधीच मुबलक आहे आणि ती फक्त दाबायची आहे, तिथेही तीच मात्रा लावणे मला समर्थनीय वाटत नाही. कोष हवाबंद पिशवीत ठेवून प्राणवायू संपू द्यायचा आणि मग किरण द्यायचे, ही युक्ती शरीराची हानी कमी करते, पण मग तेवढ्याच वंध्यत्वासाठी मात्रा थोडी वाढवावी लागते. म्हणजे गाडी पुन्हा त्याच वळणावर.

1990 च्या दशकात या वादाचा पायाच थोडा हलला. अंड्यांना उष्णता दिली की मादी-गर्भ मरतात आणि फक्त नर उरतात, असे वाण कारखान्यांत आले. पूर्वी वंध्य नर बरोबर सोडलेल्या वंध्य माद्यांतच अडकून पडत, शिवाय त्या माद्या फळांना डंख करीत ते वेगळेच. केवळ नर सोडल्यावर हवाई बेटे आणि ग्वाटेमाला येथील चाचण्यांत रानटी माद्यांतले वंध्यत्व कित्येक पटींनी वाढलेले आढळले. या वाणांचे नर गुणसूत्रांच्या अदलाबदलीमुळे मुळातच अर्धवट वंध्य असतात. तरीही जुनी मात्रा बहुतेक ठिकाणी तशीच चालू राहिली.

त्याच दशकाने एक इशाराही दिला. जपानच्या ओकिनावामध्ये आणि हवाईतील काउआई बेटावर रानटी माद्या कारखान्यातल्या नरांना ओळखून टाळू लागल्याच्या नोंदी झाल्या. नाकारणाऱ्या माद्यांचीच संतती उरत होती. त्यामुळे कारखान्यातल्या माश्यांचा मूळ कळप कमी गर्दीत जपून, त्याला रानटी रक्ताची जोड देणे हा नियमित कामाचा भाग झाला.

2000 नंतरची सर्वांत आवडलेली सुधारणा मात्र अगदी साधी आहे: आल्याचे तेल. त्यात अल्फा-कोपेन हा घटक असतो. नरांना त्याचा नुसता वास दिला, तेलाला स्पर्शही होऊ दिला नाही, तरी पुढचे काही दिवस ते स्पर्धेत सरस ठरतात. सोडण्याआधी माश्या ठेवतात त्या खोल्यांतच तेल ठेवता येते, त्यामुळे खर्च किरकोळ. डॉर्सालिस या दुसऱ्या जातीच्या फळमाशीत मार्ग निराळा आहे. तिचा नर मिथाइल युजेनॉल हे वनस्पतींतले सुगंधी रसायन खातो (नरांच्या सापळ्यात आमिष म्हणूनही तेच ठेवतात), त्यापासून कामगंधाचे घटक बनवतो आणि मलाशयाजवळच्या ग्रंथीत साठवतो. एकदा पोटभर खाल्लेला नर त्याच आमिषाच्या सापळ्याकडे फारसा फिरकत नाही, म्हणून सापळे आणि वंध्य नर एकाच वेळी वापरण्याची वाट मोकळी झाली. अनास्ट्रेफा या अमेरिका खंडातल्या फळमाश्यांच्या वंशातल्या माश्या वयात यायला बराच वेळ घेतात. त्यांच्यासाठी मेथोप्रिन हे संप्रेरकासारखे रसायन आणि यीस्टचे प्रथिन देण्याची पद्धत निघाली. काही प्रयोगांत प्रथिन खाल्लेले नर उपासमारीत लवकर मेले, तेव्हा तिथे अजून एकमत नाही.

अलीकडे लक्ष आतड्याकडे वळले आहे. किरणांनंतर नराच्या आतड्यातले उपयुक्त जिवाणू घटतात. क्लेब्सिएला ऑक्सिटोकासारखे जिवाणू खाद्यातून परत दिल्यावर मीलनातील यश सुधारल्याचे काही चाचण्यांत दिसले. गॅमा किरण देणारे कोबाल्टचे स्रोत मिळवणे आणि वाहून नेणे अवघड झाल्याने काही कारखाने क्ष-किरण यंत्रांकडे वळत आहेत, आणि तिथे किती ग्रे पुरे, हे पुन्हा पहिल्यापासून मोजले जात आहे.