अहवालातला ‘अनिश्चित’ बदल

सोलापुरातल्या एखाद्या घरी स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णाचा जनुकीय अहवाल येतो आणि त्यात ‘बीआरसीए१ : अर्थ अनिश्चित’ असं छापलेलं असतं. घरच्यांचा प्रश्न एकच : म्हणजे दोष आहे की नाही? बीआरसीए१ या जनुकात बदल सापडलाय, पण तो घातक की निरुपद्रवी हे अजून ठरलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

१९९४ मध्ये शोधलं गेलेलं हे जनुक १७व्या गुणसूत्रावर असतं. त्याचं प्रथिन तुटलेला डीएनए सांधायला मदत करतं. १८६३ अमिनो आम्लांची ही साखळी. तिच्यात ६१व्या जागी सिस्टीन हे अमिनो आम्ल असतं, डीएनएत ‘टीजीटी’ या तीन अक्षरांनी लिहिलेलं. पहिल्या टीच्या जागी जी आला की सिस्टीन जाऊन ग्लायसीन येतं. सिस्टीनमधलं गंधक तिथे जस्ताचा अणू धरून असतं; ग्लायसीनकडे गंधकच नाही. प्रथिनाचा तो भाग विस्कटतो आणि कर्करोगाचा धोका वाढतो. याच प्रथिनात १६१३व्या जागी सेरीनचं ग्लायसीन झालेली माणसं मात्र जगभर सर्रास सापडतात, आणि त्यानं काही बिघडत नाही.

संगणक हा फरक ताडतो तो मुख्यतः तुलनेनं. सिफ्ट हा प्रोग्राम आपलं प्रथिन इतर प्राण्यांच्या प्रथिनांशेजारी मांडतो. कोट्यवधी वर्षांत जी जागा बदलली नाही, तिथला बदल संशयित, गुण ०.०५ च्या खाली गेले की ‘घातक असावा’. पॉलिफेन हा दुसरा प्रोग्राम प्रथिनाची घडणही बघतो. २०२३ मध्ये अल्फामिसेन्स या एआय प्रोग्रामनं तर सुमारे ७ कोटी १० लाख संभाव्य बदलांना गुण देऊन टाकले. आपल्या विद्यापीठातली एमएस्सीची मुलगीही लॅपटॉपवर हे गुण काढू शकते.

म्हणूनच जपायला हवं. जनुकीय बदलांचा अर्थ लावायच्या २०१५च्या अमेरिकन निकषांत अशा गुणांना फक्त दुय्यम पुराव्याचं वजन आहे, आणि ते योग्यच आहे. बदल लोकांत किती आढळतो हेही बघावं लागतं, आणि तिथे आपली बाजू लंगडी. अशा बदलांच्या जागतिक याद्यांत युरोपीय वंशाचे लोक जास्त. आपल्याकडच्या इंडिजेन प्रकल्पात १०२९ भारतीयांचेच जीनोम, म्हणजे संपूर्ण डीएनए, वाचले गेले. सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड घरं शेजारी नांदतात, पण सोयरिकी बहुधा आपापल्या समाजातच. एखाद्या समाजात नेहमीचा असलेला बदल त्या याद्यांत दुर्मिळ, म्हणून उगाच संशयित दिसू शकतो. जिल्ह्यात बार्शीला १९८७ पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी आहे, पण तिच्यातून रुग्ण कळतात, जनुकं नाहीत.

घराण्याचा इतिहास सांगताना लोक आई, मावशी, आजी सांगतात आणि आत्याला विसरतात. हा दोष वडिलांकडूनही तितकाच येतो. आणि निव्वळ ‘अनिश्चित’ शब्दावरून स्तन काढायचा निर्णय घेऊ नये. असे बदल पुढे नव्यानं तपासले जातात तेव्हा बहुतेक निरुपद्रवी ठरतात, त्यामुळे वर्ष-दोन वर्षांनी डॉक्टरांना तोच अहवाल पुन्हा दाखवावा.