उपनगरी वस्तीतील जुन्या व धोकादायक वृक्षांचे व्यवस्थापन

घरे, रस्ते आणि अंगणे यांच्या आसपास वय झालेल्या झाडांची तपासणी, छाटणी, त्यांना दिलेला आधार, गरज पडल्यास तोड आणि फेरलागवड, या सर्व कामांना मिळून हे नाव आहे. झाड पडून कोणाला इजा होऊ नये आणि ते शक्य तितकी वर्षे उभेही राहावे, असा त्यामागे दुहेरी हेतू असतो. यातला दुसरा हेतू वारंवार विसरला जातो.

झाड जुने आहे म्हणून धोकादायक ठरत नाही. ते वा त्याची फांदी मोडण्याची शक्यता किती, मोडल्यास खाली कोणी वा काही सापडण्याची शक्यता किती आणि सापडल्यास नुकसान केवढे, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवरून धोका ठरतो. ‘इंटरनॅशनल सोसायटी ऑफ आर्बरीकल्चर’ या वृक्षतज्ज्ञांच्या संस्थेची मूल्यमापन पद्धत याच तीन प्रश्नांवर उभी आहे. पडीक कोपऱ्यातला वठलेला वृक्ष म्हणूनच फारसा धोक्याचा नसतो, तर शाळेच्या फाटकावर झुकलेली एकच चिरलेली फांदी तातडीची ठरते. कधी झाडाला हातही न लावता त्याखालचा बाक किंवा गाड्या उभ्या करण्याची जागा हलवली, तरी धोका उतरतो.

उपनगर बहुधा एका दमात वसते. रस्ते आखले जातात आणि दोन-चार वर्षांत दुतर्फा एकाच जातीची रोपे लागतात. ती एकत्र वाढतात आणि एकत्रच म्हातारी होतात. अशा एकसुरी लागवडीत रोग शिरला की रस्तेच्या रस्ते उघडे पडतात. एल्म वृक्षांवरील बुरशीजन्य रोगाने विसाव्या शतकात युरोप व उत्तर अमेरिकेत हेच केले. अमेरिकेत त्यांच्या जागी अनेक ठिकाणी अ‍ॅश लावले गेले आणि 2002 मध्ये मिशिगन राज्यात आढळलेल्या हिरव्या भुंगेऱ्याने तेही पोखरले. शहरी लागवडीत एका जातीची झाडे 10 टक्क्यांहून, एका प्रजातीची (जवळच्या जातींच्या गटाची) 20 टक्क्यांहून आणि एका कुलाची 30 टक्क्यांहून अधिक नसावीत, असा दंडक अमेरिकी वृक्षसंशोधक फ्रँक सँटामूर यांनी 1990 मध्ये सुचवला.

झाड वादळात पडले की दोष वाऱ्याला दिला जातो, पण कारण पुष्कळदा कित्येक वर्षांपूर्वीच्या खोदकामात असते. मुळे खोल जातात हा गैरसमज आहे. त्यांचा बहुतांश पसारा मातीच्या वरच्या अर्धा-पाऊण मीटरमध्ये आडवा, फांद्यांच्या घेराच्याही बाहेर गेलेला असतो. पाइपासाठी चर खणला, फाटकापर्यंत फरशी टाकली, जड वाहनांनी माती दाबली, की मुळे तुटतात किंवा गुदमरतात. शेंडा वाळायला लागेपर्यंत मधे बरीच वर्षे गेलेली असतात. ब्रिटिश मानकानुसार बांधकामाच्या वेळी खोडाच्या व्यासाच्या 12 पट त्रिज्येचे वर्तुळ राखून ठेवतात. 50 सेंटिमीटर व्यासाच्या झाडाला ही त्रिज्या 6 मीटर होते.

तपासणी जमिनीपासून सुरू होते. बुंध्यापाशी उगवलेली आळंबी, एका बाजूने उचललेली वा भेगाळलेली माती, नव्यानेच आलेला कल, बेचक्यातली उभी चीर ही गंभीर लक्षणे होत. सारख्या जाडीच्या दोन खोडांमध्ये साल आत दुमडली असेल, तर ती जोडणी बाहेरून भक्कम दिसली तरी कमकुवत असते. लाकडी हातोडीने खोड ठोकल्यावर येणाऱ्या बद्द आवाजावरून पोकळीचा अंदाज येतो. शंका उरल्यास ध्वनिलहरींनी किंवा बारीक सुईसारख्या ड्रिलने आतले लाकूड तपासतात.

ढोली दिसली की लोक घाबरतात, पण ही भीती बरीचशी अनाठायी आहे. पोकळ बांबू वाऱ्यात का टिकतो तेच इथेही लागू पडते. त्रिज्येच्या 70 टक्के भाग मधोमध पोकळ असला, तरी गोल आणि अखंड खोडाची वाकण्याविरुद्धची ताकद गणिताने सुमारे 24 टक्केच घटते. जर्मन संशोधक क्लाउस माटेक यांचा, उरलेली भिंत त्रिज्येच्या 30 टक्के तरी असावी, हा प्रसिद्ध निकष याच आकड्याशी जुळतो. मात्र भिंतीला तडा किंवा एका बाजूला मोठे भोक असेल, तर हा हिशेब चालत नाही.

अमेरिकी वनस्पतिरोगतज्ज्ञ अ‍ॅलेक्स शिगो यांनी हजारो झाडे उभी चिरून दाखवले, की झाड जखम भरून काढत नाही. ते कुजलेल्या भागाभोवती भिंती घालून त्याला कोंडते. 1977 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या मांडणीने छाटणीची रीतच बदलली. फांदी खोडाला चिकटून सपाट कापू नये, तिच्या मुळाशी असलेला फुगीर कडा शाबूत ठेवावा, कापावर डांबर वा रंग फासू नये. ढोलीत सिमेंट भरण्याची जुनी पद्धतही मागे पडली, कारण वाऱ्यात झाड हलते, सिमेंट हलत नाही. सर्वांत घातक काम म्हणजे शेंडा सरसकट उडवणे. त्यानंतर फुटणाऱ्या फांद्या भराभर वाढतात, वरवरच्या लाकडात रुजलेल्या असतात आणि जाड होताच निखळतात. धोका कमी करण्यासाठी केलेली ही कापणी काही वर्षांत धोका वाढवते. त्याऐवजी घेर बाहेरून थोडा, टप्प्याटप्प्याने कमी केला तर वाऱ्याचा जोर पुष्कळ उतरतो. म्हातारे झाड स्वतःही वरचा भाग सोडून खालून नवा घेर धरते. छाटणीने त्याच ओघाला साथ द्यायची असते. दुभंगू पाहणाऱ्या खोडांना उंचावर केबल आणि खाली पोलादी दांडे देतात. त्यांचीही नियमित तपासणी लागते.

तोड अटळ असली तरी जागा असल्यास काही मीटर खोड उभे ठेवतात. पक्षी, वटवाघळे आणि कीटक त्यात राहतात. अख्खी रांग एकाच हंगामात न पाडता दर काही वर्षांनी थोडी झाडे काढून वेगवेगळ्या जातींची रोपे लावतात. पहिल्या काही वर्षांत रोपाच्या दोन शेंड्यांपैकी एक साध्या कात्रीने काढता येतो. तसाच राहू दिला, तर पुढे त्याच बेचक्याला पोलादी दांडा लागतो.