कीबोर्डचे ते मागचे दोन पाय आधी मिटा

परवा मामेबहिणीने दोन खोक्यांचे फोटो पाठवले, वायरलेस कीबोर्ड-माउसचे सेट, आणि खाली मेसेज, "दादा, दोन्हीवर अर्गोनॉमिक लिहिलंय, मनगट दुखतंय हल्ली, कुठला घेऊ?" (अर्गोनॉमिक म्हणजे शरीराला सोयीचं.) मी म्हटलं खोक्याचे फोटो राहू देत, तुझ्या टेबलाचा पाठव. आला फोटो. सध्याच्या कीबोर्डचे मागचे पाय टकाटक उघडलेले, माउस पार उजवीकडे नंबरपॅडच्या पलीकडे, आणि मनगट टेबलाच्या धारदार कडेवर टेकलेलं. म्हटलं, बाई, नवीन सेट घे की नको ते नंतर बघू, आधी ते पाय मिट.

तिला पटलं नाही. बहुतेकांना पटत नाही. कीबोर्डला पाय दिलेत म्हणजे ते उघडायचेच असतात आणि उतरता कीबोर्ड म्हणजे आरामदायक कीबोर्ड, असा एक समज आहे. पाय उघडल्यावर अक्षरं तोंडासमोर येतात आणि बघून बघून टाइप करणाऱ्याला ते बरं पडतं, फायदा म्हणाल तर एवढाच. तोटा काय होतो ते समजायला मनगटाच्या आत जावं लागतं, आणि खरं सांगायचं तर हा लेख मी त्या मनगटासाठीच लिहितोय, कीबोर्ड हे निमित्त.

तर पहिली गंमत. बोटं वाकवायचं मुख्य काम करणारे स्नायू बोटात नसतातच. डावा हात उजव्या कोपराच्या जरा खाली, आतल्या बाजूला ठेवा आणि उजव्या हाताची बोटं टेबलावर टाइप केल्यासारखी नाचवा. काहीतरी हलतंय ना? तेच स्नायू. बोटं हलतात तिकडे आणि इंजिन आहे इकडे, आणि मधे लांबच लांब दोऱ्या. या दोऱ्यांना कंडरा म्हणतात, इंग्रजीत टेंडन. सायकलच्या ब्रेकची केबल आठवा, दांडा दाबतो हँडलवर आणि ब्रेक लागतो चाकावर, अगदी तसं.

आता या सगळ्या केबली मनगटातल्या एका बोळातून जातात. बोळाचा तळ आणि बाजू म्हणजे मनगटाची आठ छोटी हाडं, आणि वरून छप्पर म्हणून एक जाड, न ताणणारा अस्थिबंध. जाडी साधारण तुमच्या अंगठ्याएवढी. त्यातून नऊ कंडरा जातात, चार बोटांच्या प्रत्येकी दोन म्हणजे आठ आणि अंगठ्याची एक, आणि त्यांच्याच गर्दीत एक नस, मीडियन नर्व्ह. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू, इथली संवेदना ही नस नेते. हाच तो कार्पल टनल. (करंगळीला मुंग्या येत असतील तर बोळाला दोष देऊ नका, करंगळीची नस वेगळी, ती कोपराला वळसा घालून येते, आणि अशा वेळी कोपर तासन् तास टेबलावर टेकवून बसताय का ते बघा.)

बोळ सरळ असेल तर दोऱ्या सरळ जातात आणि कुणाला घासत नाहीत. पण मनगट वाकलं की दोरीलाही वळावं लागतं, आणि ताणलेली दोरी वळली की वळणाच्या जागी दाबते. विहिरीवरच्या कप्पीवर दोर दाबतो तसं. मनगट वरच्या बाजूला वाकलं (म्हणजे पाय उघडलेल्या कीबोर्डवर वाकतं तसं) तर कंडरा हाडांच्या बाजूला दाबतात, आणि तळव्याकडे वाकलं तर छपरावर दाबतात आणि ती बिचारी नस मधे सँडविच होते.

किती दाबतात? इथे शाळेतली त्रिकोणमिती कामाला येते, ज्यांना नको त्यांनी पुढचा परिच्छेद सोडला तरी चालेल, पण मला तो फार आवडतो.

दोरीत ताण T असेल आणि ती θ कोनात वळत असेल तर वळणाच्या जागी एकूण जोर येतो 2T गुणिले साइन θ/2. कोन शून्य, तर जोर शून्य, ताण कितीही असू दे. 20 अंशाला तो ताणाच्या साधारण 35 टक्के होतो, 30 अंशाला निम्म्याहून थोडा जास्त, 45 ला पाऊण पटीच्या जरा वर, आणि 60 अंशाला अख्खा ताण जितका तितकाच जोर भिंतीवर. म्हणजे बटण तेच, बोट तेच, टाइप केलेलं अक्षरही तेच, पण मनगटाचा कोन बदलला की बोळातल्या भिंतीवरचा दाब शून्यापासून पूर्ण ताणापर्यंत कुठेही जाऊ शकतो. बरं, हा ताणही बटणाच्या जोराएवढा नसतो, जास्त असतो. साधं रबर डोमवालं (खाली रबराची टोपी असलेलं) बटण दाबायला 50-60 ग्रॅम वजनाएवढा जोर लागतो, तो लागतो बोटाच्या टोकाला, आणि कंडरा मात्र बोटाच्या सांध्याला अगदी चिकटून जाते, म्हणजे दार बिजागरीजवळ ढकलून उघडण्यासारखं झालं, तिथे काही पट जास्त जोर लावावा लागतो. त्यात आपण बटणं गरजेपुरती दाबत नाही, आपटतो. मिनिटाला 200 अक्षरं धरली तर तासाला 12,000 वेळा. आता गुणाकार तुम्हीच करा. एक बरं की कंडरांभोवती तेलपाणी केलेलं वेष्टण असतं, घर्षण अगदी कमी राहतं, नाहीतर दोरी वळली की घर्षण घातांकाने वाढतं आणि मनगट वाकवून टाइप करणं अशक्यच झालं असतं.

बोळातला दाब सुई घालून प्रत्यक्ष मोजलेला आहे. निरोगी माणसाचं मनगट सरळ असताना तो पाऱ्याच्या जेमतेम दोन-तीन मिलिमीटरएवढा भरतो, आणि मनगट पूर्ण वाकवलं, वर किंवा खाली कुठेही, की तिशीच्या आसपास जातो. दहा पट! नसेला रक्त पोचवणाऱ्या बारीक वाहिन्यांना हा दाब जाणवायला लागतो.

प्रयोग करून बघा. मनगट तळव्याकडे पूर्ण वाकवा आणि मग घट्ट मूठ आवळायचा प्रयत्न करा. जमत नाही. स्नायू आधीच आखडलेला, त्याला ओढायला लांबीच उरली नाही, आणि पाठीमागच्या कंडरा ताणलेल्या.

आता कुणी म्हणेल की म्हणजे कीबोर्डमुळे कार्पल टनल सिंड्रोम होतोच. नाही, तसं ठामपणे म्हणता येत नाही. मधुमेह, थायरॉइडचा त्रास, गरोदरपण, मुळातच अरुंद बोळ, आणि जोरात पकड धरून थरथरणारी यंत्रं चालवायची कामं, ही त्याची जास्त पक्की कारणं आहेत. रात्री बोटं बधिर होऊन जाग येत असेल तर कीबोर्ड शोधत बसू नका, डॉक्टरकडे जा. आणि ते चुंबकाचे पट्टे, तांब्याची कडी वगैरे मनगटदुखीवर विकतात ना, त्यांनी विकणाऱ्याचा खिसा सोडून काही बरं होत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये लोह आहे म्हणून चुंबक रक्त खेचतं हे वाचायला छान आहे, पण तसं असतं तर एमआरआयच्या मशीनमध्ये माणूस गेल्या गेल्या संपला असता.

असो. आता सेट निवडायचा कसा, तर वरचं सगळं डोक्यात ठेवलं की खोक्यावरचे निम्मे शब्द आपोआप गळतात.

कीबोर्ड पातळ हवा. तो जितका जाड तितकं मनगट वर वाकणार, मग त्याला कितीही गादीवाला रेस्ट द्या. आणि रेस्ट असेलच तर त्यावर तळव्याची टाच टेकवायची, मनगट नाही, तीही टाइप करताना नाही, थांबल्यावर. मनगटच टेकवलं तर आपण बोळाच्या छपरावर बाहेरून दाब देतोय, म्हणजे आतून कमी होता म्हणून बाहेरून. काही कीबोर्डना पुढच्या बाजूला पाय असतात, म्हणजे उलटा उतार, दिसायला विचित्र पण मनगटाला तो खरा मानवतो.

नंबरपॅड लागतो का ते स्वतःला प्रामाणिकपणे विचारा. बटणांमधलं अंतर साधारण 19 मिलिमीटर असतं. बाणांच्या बटणांचे तीन रकाने आणि नंबरपॅडचे चार, सात गुणिले 19 आणि मधल्या फटी धरून 14 सेंटिमीटर होतात, आणि तुमचा माउस या 14 सेंटिमीटरच्या पलीकडे बसतो. खांदा दिवसभर बाहेर उघडून ठेवायचा म्हणजे. दिवसभर आकडे भरत असाल तर नंबरपॅड हवाच, पण मग तो सुटा मिळतो तो घ्या आणि डावीकडे ठेवा. आणि कीबोर्डचा मध्य नाकासमोर नको, G आणि H च्या मधली फट नाकासमोर हवी, ही चूक तर मीही कित्येक वर्षं करत होतो.

माउसचं म्हणाल तर डीपीआयच्या (माउस इंचभर सरकला की किती ठिपके मोजतो त्या) आकड्यांना भुलू नका. माउसच्या पोटात एक चिमुकला कॅमेरा असतो, तो टेबलाचे सेकंदाला हजारो फोटो काढतो आणि आधीच्या फोटोवर आताचा सरकवून बघून किती हललो ते काढतो (म्हणूनच स्वच्छ काचेवर गोंधळतो, तिथे बघायला काहीच नसतं). 1600 च्या आसपास डीपीआय ऑफिसच्या कामाला पुरतं. 26,000 वगैरे आकडा लिहिलेला असतो पण तेवढ्यावर माउस स्थिर धरायलाच बोटं ताठ होतील. खरी बघायची गोष्ट म्हणजे माप. तळवा माउसच्या पाठीवर विसावला पाहिजे. प्रवासासाठीचे छोटे माउस दिवसभर वापरले की बोटं पंजासारखी आकडून राहतात. उभा माउस, व्हर्टिकल म्हणतात तो, हस्तांदोलनासारखा धरायचा, त्यात हाताची दोन लांब हाडं एकमेकांवर पीळ न घेता समांतर राहतात, कल्पना चांगली आहे, पण पहिले काही दिवस नेम चुकतो आणि सगळ्यांना मानवतोच असं नाही. हातात धरून बघितल्याशिवाय घेऊ नका.

बटणांचा स्पर्श ही आवडीची बाब. मेकॅनिकल (प्रत्येकाखाली वेगळी स्प्रिंग असलेलं) बटण 4 मिलिमीटरपैकी साधारण 2 मिलिमीटरवरच अक्षर नोंदवतं, त्यामुळे तळापर्यंत आपटायची गरज नसते, पण हे कीबोर्ड बहुधा जाड असतात. परत कोन आलाच.

वायरलेसचा खरा फायदा वायर दिसत नाही हा नाहीच, कीबोर्ड सरकवता येतो हा आहे. वाचत असाल तेव्हा कीबोर्ड बाजूला, माउस समोर. पण मग हवेतली भानगड सुरू होते. बहुतेक सगळे सेट 2.4 गिगाहर्ट्झवर बोलतात, वायफाय तिथेच, ब्लूटूथ तिथेच, मायक्रोवेव्ह ओव्हन 2.45 वर. या गर्दीवर उपाय म्हणजे चॅनल बदलत राहायचं. ब्लूटूथ लो एनर्जीत 40 चॅनल असतात आणि दोन्ही बाजू ठरलेल्या क्रमाने उड्या मारतात. चॅनल असे बदलत राहायची कल्पना जुनीच आहे, अभिनेत्री हेडी लमार आणि संगीतकार जॉर्ज अँथिल यांना 1942 मध्ये तिचं पेटंट मिळालं होतं, टॉर्पेडोसाठी, त्यात 88 फ्रिक्वेन्सी होत्या, पियानोच्या पट्ट्यांएवढ्या.

माझा माउस मधेच अडखळायचा. सेल बदलले, पॅड धुतलं, माउसला शिव्या घातल्या, नवीन घेतला, तोही तसाच. मग लक्षात आलं की बाहेरची हार्ड डिस्क लावली की हे होतं. यूएसबी 3 ची केबल सेकंदाला 5 अब्ज बिट पाठवते, 0-1-0-1 अशा जोड्या धरल्या तर 2.5 अब्ज चक्रं, म्हणजे 2.5 गिगाहर्ट्झ, म्हणजे माउसच्या अगदी शेजारची गल्ली. तिथून जो खरखराट बाहेर पडतो त्यात शेजारच्या पोर्टमधल्या डोंगलला (माउसचा सिग्नल पकडणाऱ्या त्या छोट्या यूएसबी तुकड्याला) माउसचा क्षीण आवाज ऐकू येत नाही. इंटेलने 2012 मध्ये यावर रीतसर कागदच काढला होता. मी मात्र चोर सोडून संन्याशाला फाशी देत बसलो. उपाय म्हणजे छोटी यूएसबी एक्स्टेंशन वायर घेऊन डोंगल टेबलावर आणायचं, नाहीतर जुन्या यूएसबी 2 च्या पोर्टला लावायचं.

रेडिएशनची भीती वाटत असेल तर, या माउसची ताकद काही मिलिवॉट असते आणि 2.4 गिगाहर्ट्झच्या एका फोटॉनमध्ये रेणूतून इलेक्ट्रॉन उडवायला लागते त्याच्या दहा लाखांश ऊर्जाही धड नसते. ते सोनेरी अँटी-रेडिएशन स्टिकर खरंच काम करत असते तर माउस बंद पडला असता.

भीती बाळगायचीच तर दुसऱ्या गोष्टीची बाळगा. स्वस्तातले काही कीबोर्ड तुम्ही टाइप केलेलं उघड्यावर पाठवतात, 2016 मध्ये संशोधकांनी ते लांबून ऐकूनही दाखवलं. म्हणून कीबोर्डच्या खोक्यावर एन्क्रिप्शन (म्हणजे टाइप केलेलं कुलूपबंद करून पाठवणं) किंवा एईएस 128 (त्याचाच एक प्रकार) असं लिहिलेलं बघा, नाहीतर सरळ ब्लूटूथचा घ्या.

मामेबहिणीने अजून सेट घेतलेला नाही. पाय मिटलेत, माउस आत ओढलाय, आणि आता विचारतेय की डाव्या हाताने माउस चालवायला किती दिवसांत येतो.