क्रिएटिनिन १.२ आलं, पण कोणाचं?

लघवी साफ होते म्हणजे किडनी ठणठणीत, हा समज आपल्याकडे इतका पक्का आहे की वर्षानुवर्षं मधुमेहाच्या गोळ्या घेणारी माणसंही किडनीची रक्ततपासणी लिहून दिली की कुरकुरतात. 'मला लघवीला काही त्रास नाही, मग किडनीला काय धाड भरलीय?' याच्या उलट दुसरे काही जण असतात. रिपोर्टवर क्रिएटिनिनच्या आकड्यापुढे वरच्या दिशेचा बाण दिसला की त्यांची झोप उडते, आणि त्याच रात्री मोबाइलवर 'क्रिएटिनिन उतरवणारा' काढा शोधला जातो. गल्लत दोघांचीही एकाच जागी होते. हा आकडा मोजतो तरी काय, हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.

आधी लघवीचं पाहू. दोन्ही किडन्या मिळून साधारण वीस लाख नेफ्रॉन, म्हणजे रक्त गाळणारे सूक्ष्म घटक, असतात, आणि प्रत्येक नेफ्रॉनच्या तोंडाशी केशवाहिन्यांचा एक बारीक गुंता असतो. हृदयातून दर मिनिटाला निघणाऱ्या रक्ताचा जवळपास पाचवा हिस्सा, म्हणजे लिटरभर रक्त, किडन्यांकडे जातं आणि त्यातून मिनिटाला १०० ते १२० मिलिलिटर द्रव गाळला जातो. या गाळण्याच्या वेगालाच जीएफआर म्हणतात. दिवसाचा हिशोब केला तर हा द्रव दीडशे लिटरच्या आसपास भरतो. आपली लघवी मात्र दीड-दोन लिटर, कारण उरलेलं सगळं पाणी नेफ्रॉनच्या नळ्या पुन्हा शोषून रक्तात परत देतात. आता एखाद्याचा जीएफआर घसरत घसरत १५ वर आला असं धरा. तरीही दिवसाला २१ लिटरहून जास्त द्रव गाळला जातोच. त्यातून दीड-दोन लिटर लघवी करायला नळ्यांनी थोडं कमी शोषलं की भागतं. त्यामुळे किडनी बहुतांशी निकामी झालेल्या माणसालाही लघवी भरपूर होऊ शकते, उलट रात्री उठावंही जास्त लागतं. लघवी किती होते यावरून किडनी किती गाळते हे कळत नाही.

मग ते कळावं कसं? रक्तात असा एखादा पदार्थ हवा की जो शरीरात रोज ठरावीक वेगाने तयार होतो, गाळणीतून बिनबोभाट पार होतो आणि नळ्या तो परत शोषून घेत नाहीत. क्रिएटिनिन या कामाला बऱ्यापैकी लायक आहे. आपल्या स्नायूंमध्ये क्रिएटिन नावाचं रसायन असतं, झटपट लागणारी ऊर्जा साठवून ठेवण्यासाठी. त्यातला दीड-दोन टक्के भाग रोज आपोआप, कुठल्याही विकराच्या (एन्झाइमच्या) मदतीशिवाय, क्रिएटिनिनमध्ये बदलतो. शरीराला त्याचा काहीही उपयोग नसतो, आणि ज्या प्रमाणात ते सहसा रक्तात असतं तेवढ्याने अपायही होत नाही.

लॅबमध्ये ते मोजण्याची जुनी आणि अजूनही सर्रास वापरात असलेली पद्धत मला फार आवडते. १८८६ साली मॅक्स याफे या जर्मन संशोधकाच्या लक्षात आलं की पिक्रिक ॲसिडच्या पिवळ्या द्रावणात अल्कली आणि क्रिएटिनिन एकत्र आले की रंग नारिंगी-तांबडा होतो. पिक्रिक ॲसिड म्हणजे तेच, जे पुढे तोफगोळ्यांत स्फोटक म्हणून भरलं गेलं. आज हे सगळं यंत्राच्या पोटात चालतं. रक्त गोठल्यावर वर राहणारं पिवळसर पाणी, म्हणजे सीरम, त्या द्रावणात मिसळतं आणि रंग किती वेगाने गडद होतो ते यंत्र पाहतं. मेख अशी की प्रथिनं, ग्लुकोज, कीटोन हेही थोडा थोडा रंग आणतात. कोणी पटकन, कोणी सावकाश. म्हणून यंत्र अगदी सुरुवातीचे क्षण सोडून देतं, पुढच्या ठरावीक सेकंदांतला बदलच मोजतं. एवढं करूनही थोडी भेसळ उरते. विकर वापरून करायची नवी पद्धत जास्त नेमकी आहे, पण महाग. एकच रक्त दोन लॅबमध्ये दिलं आणि एकीकडे ०.९ तर दुसरीकडे १.० आलं, तर किडनीत काही घडलंय असं समजायचं कारण नाही.

आता या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. यात थोडं गणित आहे, पण पाचवीतलं.

समजा, एका माणसाचा जीएफआर १०० आहे आणि रक्तातलं क्रिएटिनिन १, म्हणजे दर डेसिलिटरला १ मिलिग्रॅम. डेसिलिटर म्हणजे १०० मिलिलिटर. मिनिटाला बरोबर तेवढाच द्रव गाळला जातोय, म्हणजे मिनिटाला १ मिलिग्रॅम क्रिएटिनिन बाहेर पडतंय. स्नायूही मिनिटाला १ मिलिग्रॅमच तयार करतात. जमा-खर्च जुळलेला.

आता जीएफआर निम्मा झाला, ५०. मिनिटाला अर्धाच मिलिग्रॅम बाहेर जाऊ लागला. स्नायूंना याची काहीच खबर नाही, त्यांचं १ मिलिग्रॅम चालूच. उरलेला अर्धा मिलिग्रॅम रक्तात साचत जातो आणि रक्त क्रिएटिनिनने दाट होतं. रक्त दाट झालं की गाळलेल्या प्रत्येक थेंबातही क्रिएटिनिन जास्त जातं. आकडा २ वर पोचला की ५० मिलिलिटरमध्ये पुन्हा बरोबर १ मिलिग्रॅम मावतं. जमा-खर्च परत जुळला आणि आकडा तिथेच थांबला. म्हणजे किडनी निम्मी झालेला हा माणूस लघवीवाटे रोज पूर्वीइतकंच क्रिएटिनिन टाकतोय! फरक इतकाच की त्यासाठी त्याला रक्तातली पातळी दुप्पट ठेवावी लागते.

हाच हिशोब पुढे न्या. जीएफआर २५ झाला की क्रिएटिनिन ४, साडेबारा झाला की ८. पहिल्यांदा किडनीची ५० टक्के ताकद गेली तेव्हा आकडा फक्त एकाने वाढला. शेवटी जेमतेम साडेबारा टक्के गेली आणि आकडा चाराने उडाला. हे व्यस्त प्रमाण आहे, आणि त्याचा आलेख आधी बराच काळ जवळजवळ सपाट आणि मग एकदम उभा चढतो. प्रत्यक्षात सुरुवातीचा भाग याहून फसवा असतो, कारण गाळण कमी झाली की नळ्या स्वतःहून थोडं जास्त क्रिएटिनिन लघवीत ढकलतात आणि रक्तातली वाढ झाकली जाते. 'गेल्या वर्षापर्यंत सगळं ठीक होतं, सहा महिन्यांत अचानक किडनी गेली' असं नातेवाईक सांगतात तेव्हा बहुतेक वेळा नुकसान त्याआधी कितीतरी वर्षं, त्या सपाट भागात, मुकाट चाललेलं असतं. ज्याचं क्रिएटिनिन कायम ०.७ असायचं त्याचं १.१ आलं, तर रिपोर्टवर बाण छापला जात नाही, आकडा नॉर्मल रेंजमध्येच असतो. पण किडनीच्या कामाचा एक तृतीयांशाहून जास्त भाग गेलेला असू शकतो. म्हणून जुने रिपोर्ट फेकू नका. स्वतःचा मागचा आकडा हा छापील रेंजपेक्षा कितीतरी चांगला मापदंड आहे.

छापील रेंज फसवी असण्याचं दुसरं कारण स्नायू. रोज व्यायामशाळेत घाम गाळणाऱ्या २५ वर्षांच्या तरुणाचं क्रिएटिनिन १.२ आलं आणि ७० वर्षांच्या आजींचंही १.२ आलं, तर या दोन आकड्यांचा अर्थ एक नाही. आजींच्या अंगावर स्नायूच थोडे. इतक्या कमी स्नायूंतून येणारं क्रिएटिनिनही १.२ पर्यंत साचत असेल, तर गाळण मंदावली आहे. वय आणि स्त्री-पुरुष फरक धरून हा हिशोब करणारं सूत्र आहे, आणि त्यातून येणारा आकडा म्हणजे ईजीएफआर. यातला 'ई' म्हणजे अंदाज. आज बऱ्याच लॅबमध्ये २०२१ साली सुधारलेलं सीकेडी-ईपीआय सूत्र वापरतात. त्यात हे आकडे घातले तर तरुणाचा ईजीएफआर ८६ येतो आणि आजींचा ४९. साठच्या खालचा आकडा तीन महिन्यांहून जास्त काळ टिकला तर त्याला दीर्घकालीन किडनीविकार म्हणतात. आजींच्या रिपोर्टवर 'नॉर्मल' छापलेलं असलं तरी त्या या गटात बसू शकतात.

या सूत्रालाही मर्यादा आहेत. ते बसवलं गेलं मुख्यतः अमेरिका-युरोपातल्या माणसांच्या मोजमापांवरून. आपल्याकडचा किरकोळ अंगकाठीचा, मांसमच्छी न खाणारा माणूस क्रिएटिनिन तयारच कमी करतो, तेव्हा सूत्र त्याची किडनी आहे त्याहून चांगली दाखवू शकतं. पाय कापलेला, अंथरुणाला खिळलेला किंवा स्नायूंचा आजार असलेला रुग्ण असेल तर ते आणखी चुकतं. उलट आदल्या रात्री मटणावर ताव मारून सकाळी रक्त दिलं तर आकडा वर सरकतो, कारण मांस शिजताना त्यातल्या क्रिएटिनचं क्रिएटिनिन होतं. क्रिएटिनची पावडर घेणाऱ्या तरुणांनी तर ते डॉक्टरांना सांगायलाच हवं. शंका उरली तर सिस्टॅटिन-सी नावाची तपासणी आहे. हे छोटं प्रथिन शरीरातल्या जवळजवळ सगळ्याच पेशी बनवतात, त्यामुळे दंड किती भरलेले आहेत याच्याशी त्याचा फारसा संबंध नाही. मात्र थायरॉइडचे विकार आणि स्टेरॉइड यांनी तेही बदलतं.

काढ्याचं इथेच बोलून घेतो, कारण हे चीड आणणारं आहे. क्रिएटिनिन कमी होण्याचे दोन मार्ग आहेत. किडनी जास्त गाळू लागली तर ते उतरतं, आणि स्नायू झडले तरी उतरतं. कडक पथ्य सांगून, डाळ-दूध-अंडी सगळं तोडून माणसाला दोन महिन्यांत आठ किलोंनी खंगवलं की आकडा खाली येतो आणि 'गुण आला' म्हणून तो रिपोर्ट जाहिरातीत झळकतो. किडनी होती तिथेच किंवा आणखी खाली. काही भस्मांत पारा आणि शिसं सापडलेलं आहे, आणि हे दोन्ही धातू किडनीला घातक आहेत. डॉक्टरने दिलेल्या गोळ्या बंद करून असली औषधं घेत बसलेला माणूस डायलिसिसपर्यंत लवकर पोचतो. अंगदुखी-गुडघेदुखीसाठी दुकानातून परस्पर आणून रोज घेतल्या जाणाऱ्या वेदनाशामक गोळ्यांचंही तेच. त्या किडनीकडे जाणारा रक्तप्रवाह कमी करतात.

युरियाचं थोडक्यात. प्रथिनांच्या पचनातून निघणारा अमोनिया यकृत युरियात बदलतं आणि किडनी तो बाहेर टाकते. पण पाणी कमी प्यायलं, जुलाब झाले, आतड्यात रक्तस्राव झाला तरीही युरिया वाढतो, म्हणून एकट्या युरियावरून किडनीचा निवाडा करत नाहीत. लॅब बदलली की घोटाळा होतो तो वेगळाच. कुणी 'ब्लड युरिया' छापतं, कुणी 'बीयूएन', म्हणजे त्या युरियातला फक्त नायट्रोजन. बीयूएनला २.१४ ने गुणलं की युरिया मिळतो. एकीकडे २० आणि दुसरीकडे ४३ पाहून घाबरू नका, ती एकच पातळी आहे.

ईजीएफआरचा सगळा हिशोब जमा-खर्च जुळलेला आहे असं धरून चालतो. अचानक आलेल्या आजारात तो लागू पडत नाही. पावसाळ्यात कोकणात भाताच्या खाचरात राबणाऱ्याला लेप्टो झाला किंवा घोणस चावली, तर किडनी काही तासांत बंद पडू शकते, पण क्रिएटिनिन साचायला वेळ लागतो. पहिल्या दिवशीचा रिपोर्ट १.१ आला तरी डॉक्टर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा रक्त मागतात ते म्हणूनच. अशा वेळी मात्र लघवी किती झाली हेही तासातासाला मोजलं जातं, कारण गाळण जवळजवळ थांबल्यावर लघवीही आटते.

आणि ज्यांना मधुमेह किंवा रक्तदाब आहे त्यांनी नुसतं रक्त देऊन थांबू नये. त्यांच्यात गाळणीची जाळी आधी सैल होते आणि अल्ब्युमिन हे प्रथिन लघवीत झिरपू लागतं. त्या वेळी क्रिएटिनिन अगदी छान असतं, कधी कधी ईजीएफआर नेहमीपेक्षा जास्तही असतो, कारण उरलेल्या गाळण्या जोर लावून काम करत असतात. लघवीतल्या अल्ब्युमिनचं क्रिएटिनिनशी गुणोत्तर काढतात, रिपोर्टवर ते एसीआर म्हणून येतं. लघवीच्या एका छोट्या बाटलीवर काम होतं. ३० च्या आत असेल तर ठीक. ईजीएफआर ९५ पण एसीआर १५० असा पन्नाशीचा मधुमेही आणि ईजीएफआर ७० पण एसीआर ८ अशी सत्तरीची आजी यांत आधी औषधोपचाराची गरज त्या मधुमेह्याला आहे. आज ही गळती कमी करणारी चांगली औषधं मिळतात, आणि गळती आटोक्यात आली तर त्याची किडनी कितीतरी वर्षं जास्त टिकू शकते.