मागोवा जहाज

उडालेल्या क्षेपणास्त्राचा किंवा अग्निबाणाचा समुद्रावरून माग काढणारे आणि त्याने पाठवलेले रेडिओ संदेश टिपणारे जहाज. रडारला क्षितिजाआड गेलेले दिसत नाही. बरेच प्रक्षेपणतळ किनाऱ्यावर असतात आणि मारा समुद्राकडे, त्यामुळे उड्डाणाचा मोक्याचा टप्पा अनेकदा भर समुद्रावर येतो. तिथे केंद्र उभारायला जमीनच नसते.

मंगळयानाच्या वेळी हेच झाले. पीएसएलव्ही या अग्निबाणाचा चौथा टप्पा पेटणार होता दक्षिण प्रशांत महासागरावर. इस्रोने ‘नालंदा’ आणि ‘यमुना’ या जहाजांवर अँटेना बसवून ती तिकडे धाडली. ‘नालंदा’ खराब हवामानात अडकले आणि २८ ऑक्टोबर २०१३ चे उड्डाण ५ नोव्हेंबरवर गेले.

खरी अडचण मात्र वेगळीच. जमिनीवरचा अँटेना जागचा हलत नाही. जहाज डुलते, वर-खाली होते, त्याचे नाक भरकटते. दिशेत एका अंशाची चूक झाली, तर हजार किलोमीटरवर ती सुमारे १७ किलोमीटरची होते. म्हणून जहाजाची प्रत्येक हालचाल जायरोस्कोप या कल आणि दिशा टिपणाऱ्या यंत्राने मोजून अँटेना तेवढाच उलट वळवतात. लाटांवर पोलादी सांगाडासुद्धा किंचित वाकतो. त्याचाही हिशेब धरावा लागतो. जीपीएस नव्हते तेव्हा स्वतःची जागा नक्की करायला ताऱ्यांचे वेध घेत.

अमेरिकेने अपोलो मोहिमांसाठी दुसऱ्या महायुद्धातली तेलवाहू जहाजे बदलून ‘व्हॅनगार्ड’, ‘रेडस्टोन’ आणि ‘मर्क्युरी’ तयार केली. सोव्हिएत संघाला परदेशात केंद्रे मिळणे अवघड, म्हणून त्यांचा ताफा मोठा. त्यातले २३१ मीटर लांबीचे ‘कॉस्मोनॉट युरी गागारिन’ १९७१ मध्ये सेवेत आले. त्याच्या डेकवर अँटेनाच्या प्रचंड तबकड्या होत्या. सोव्हिएत संघ संपल्यावर ते १९९६ मध्ये गुजरातच्या अलंग किनाऱ्यावर भंगारात निघाले.

चीनच्या ‘युआन वांग’ जहाजांनी १९८० मध्ये प्रशांत महासागरात पडलेल्या आंतरखंडीय क्षेपणास्त्राचा माग घेतला. उपग्रहाच्या उड्डाणावर नजर ठेवणारी तबकडी शेजाऱ्याच्या क्षेपणास्त्र चाचणीवरही ठेवता येते, त्यामुळे अशा जहाजाच्या नुसत्या बंदरभेटीवरूनही वाद पेटतो. ऑगस्ट २०२२ मध्ये ‘युआन वांग ५’ श्रीलंकेच्या हंबनटोटाला लागले, तेव्हा भारताच्या भुवया उंचावल्या त्या याचसाठी. भारताचे स्वतःचे मागोवा जहाज ‘आयएनएस ध्रुव’ त्याच्या आदल्याच वर्षी, १० सप्टेंबर २०२१ रोजी, विशाखापट्टणमला नौदलात दाखल झाले होते.