कुलूप असलेल्या घराचे काय करायचे?

मोबाइलमुळे सातारा जिल्ह्यातील तरुणांची झोप कमी होते का, हे मानसशास्त्राच्या एखाद्या विद्यार्थिनीला तपासायचे आहे, असे समजू. पोवई नाक्यावर उभे राहिल्यास दोन दिवसांत दोनशे प्रश्नावल्या भरून होतील. पण त्या भरणारे बहुतेक जण शहरात शिकणारे आणि हाताशी मोकळा वेळ असणारे असतील. माणमधला मेंढरांमागे गेलेला मुलगा किंवा पाटणच्या डोंगरातील वाडीवर नांदणारी मुलगी त्यांत येणार नाही. याला सोयीचा नमुना म्हणतात. दोनशेऐवजी दोन हजार प्रश्नावल्या भरल्या तरी त्यातला दोष जात नाही, कारण वगळलेली माणसे तेव्हाही वगळलेलीच राहतात.

हा दोष नवशिक्यांपुरता नाही. मानसशास्त्रज्ञ जेफ्री आर्नेट यांनी अमेरिकेतील नामांकित मानसशास्त्रीय नियतकालिके तपासून २००८ मध्ये दाखवून दिले की, त्यांतील संशोधनात सहभागी झालेल्यांपैकी सुमारे ९६ टक्के लोक पाश्चात्त्य औद्योगिक देशांतले होते. जगाच्या लोकसंख्येत त्या देशांचा वाटा जेमतेम १२ टक्के आहे. एवढ्या आधारावर 'माणसाचे मन असे चालते' असे म्हणणे मला धाडसाचे वाटते.

यावरचा उपाय मांडणाऱ्यांत आपल्याच जिल्ह्यातील एक नाव मोठे आहे. खटाव तालुक्यातील बुध गावी १९११ मध्ये जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी पिकांच्या उत्पन्नाचा अंदाज यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवडलेल्या नमुन्याने काढण्याची पद्धत देशात रुजवली. कोणते शेत आणि त्यातला कोणता तुकडा कापायचा, हे कर्मचाऱ्याने नजरेने ठरवायचे नाही. नाहीतर त्याचे पाय नकळत भरघोस कोपऱ्याकडे वळतात.

आपल्या विद्यार्थिनीनेही मतदार यादीतील तरुणांची अकरा तालुक्यांनुसार वर्गवारी करून प्रत्येक तालुक्यातून लोकसंख्येच्या प्रमाणात चिठ्ठ्या टाकून नावे काढावीत. (झोप मोबाइलमुळेच उडते की झोप येत नाही म्हणून मोबाइल हातात घेतला जातो, हे मात्र एवढ्याने कळणार नाही, त्यासाठी चिठ्ठ्या टाकूनच दोन गट पाडून प्रयोग करावा लागतो.)

खरी कसोटी पुढे आहे. चिठ्ठीत निघालेल्या नावाच्या घराला कुलूप असते, शेजारचे दार उघडे असते आणि तिथला मुलगा बोलायला तयार असतो. तरीही त्याची प्रश्नावली भरायची नाही, कारण दिवसा घरी सापडणाऱ्याची झोप आणि पहाटे कामावर जाणाऱ्याची झोप एकसारखी नसते. कुलूप असलेल्या घरी संध्याकाळी पुन्हा जावे, चिठ्ठीतला तरुण मुंबईला गेला असेल तर फोन करावा, आणि एवढे करूनही जे भेटले नाहीत त्यांची संख्या अहवालात स्पष्ट लिहावी.